रिकामी पारडी

"काट्याकडे बघा, माझ्याकडे नको. माझं तोंड काय बघण्यासारखं आहे?" वर्षभर मी हेच ओरडत आलो. डाव्या पारड्यात वस्तू, उजव्यात वजनं. वजनं चिमट्यानं उचला, घामट बोटांनी नाही. मोठं आधी, लहान नंतर. काटा मध्यावर आला की वजनांची बेरीज करा, झालं वस्तुमान. एवढं सोपं की गाढवालासुद्धा आलं असतं. पण माझ्या वर्गात भिंगरी होती.

भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं. पोर एका जागी ठरेल तर शपथ! लेखी परीक्षेत पास व्हायची आणि प्रयोगशाळेत आपटायची. पहिल्या खेपेच्या परीक्षेत वजनपेटी उपडी केली, दुसऱ्या खेपेला तराजूची दांडीच निखळली. आईबाप नाहीत, आत्यानं वाढवलेली. आत्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. मागे एकदा शाळेत आली तेव्हा तिला खुर्चीत बसता येईना, भिंतीला टेकून उभी राहिली.

"सर, माझी पाठ गेली कामातून. साहेब म्हणतो, तुझ्या जागी पोरीला पाठव. मी म्हटलं, निकाल लागू दे. या खेपेला पास झाली तर पुढे शिकवीन, अर्धपोटी राहीन पण शिकवीन. नाहीतर आहेतच चादरी."

"पास होणार म्हणजे होणार," मी छातीठोक सांगितलं.

मग रोज शाळा सुटल्यावर भिंगरीला एकटीला तराजूपुढे बसवायला लागलो. ओरडलो, रडवलंसुद्धा. पण पोरीचा हात बसला. पुढे पुढे तर चिमटा असा अलगद चालवायची की मीच बघत राहायचो.

आता माझी एक सवय सांगतो. आमचे तराजू जुने. जरा सरकवले की रिकामी पारडीसुद्धा समतोल राहत नाहीत, काटा एका बाजूला जातो. मग दांडीच्या टोकाचा स्क्रू फिरवून तो मध्यावर आणावा लागतो. वर्गात पोरं ढीगभर आणि तास इवलासा. ती स्क्रू फिरवत बसली तर प्रयोग कधी करणार? म्हणून मी सगळ्यांच्या आधी येऊन एकेक तराजू लावून ठेवायचो. "रिकाम्या पारड्यांचा काटा आधी तपासा," हे फळ्यावर लिहून दिलं होतं, पोरांनी घोकलंही होतं. पण तपासायची गरजच कधी पडली नाही. बघावं तेव्हा काटा आपला मध्यावर!

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंकडे असते, नियमच आहे तसा. मला आत सोडलं ते पोरांबरोबरच. बघतो तर शिपायानं पोरांना लांब लांब बसवायला टेबलं हलवलेली, तराजू इकडचे तिकडे झालेले. भिंगरीच्या तराजूचा काटा रिकाम्या पारड्यांनीच कलला होता.

अगं, बघ! आधी काटा बघ ना, बाई! पण तिनं सरळ पितळी ठोकळा उचलला आणि डाव्या पारड्यात ठेवला. मी खोकलो. पुन्हा खोकलो.

"सर, घशाला त्रास होत असेल तर बाहेर पाणी आहे," परीक्षकबाई म्हणाल्या. "आणखी एकदा खोकलात तर या वर्गाची परीक्षा रद्द करीन."

भिंगरीनं माझ्याकडे बघितलं आणि गोड हसली. तिला वाटलं, सर शाबासकी देतायत.

मी खिडकीपाशी उभा राहिलो. जीव नुसता तुटत होता. आणि पोर काय सुरेख काम करत होती! घाई नाही, धांदल नाही. काटा मध्यावर आणला, बेरीज केली, पुन्हा ताडून पाहिली आणि चुकीचं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिलं. बाकीच्यांचंही तेच होत होतं. पण ती पोरं प्रयोगवहीच्या मार्कांवर तरून जातील. भिंगरीची वही म्हणजे शाईचा सडा, तिला हा प्रयोगच तारणार होता.

पोरं बाहेर गेल्यावर मी परीक्षकबाईंना गाठलं. "मॅडम, तराजू बिघडलेले होते. पोरांची चूक नाही."

"बिघडलेले नव्हते, लावलेले नव्हते. ते लावणं ही तर पहिली पायरी. शिकवली नाहीत का?"

"तोंडी शिकवली. करून मीच द्यायचो, पोरांचा वेळ वाचावा म्हणून."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट नव्हत्या हो त्या. "मग आज कोण करून देणार होतं, सर?"

"एका पोरीला तरी पुन्हा बसू द्या. तिचं शिक्षण सुटेल हो!" मी हातापाया पडलो. लाज कसली धरायची?

"माझ्या हातात नाही ते," त्या म्हणाल्या आणि गठ्ठा बांधायला लागल्या.

बाहेर फाटकापाशी आत्या आली होती, कामावरच्याच कपड्यांत. भिंगरी मला बघून ओरडली, "सर, तुम्हीच सांगा हिला! माझ्यावर विश्वासच नाही तिचा. एकही चूक केली नाही ना मी?"

खोटं बोललो असतो तर निकालापर्यंत तरी दोघींना सुखाची झोप लागली असती. पण जीभ रेटेना. "बाई, हिचं उत्तर चुकलंय. नापास होणार ही. आणि चूक हिची नाही, माझी आहे." मग सगळं सांगितलं, स्क्रूसकट.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "चूक तुमची ना?" ती म्हणाली. "मग लॉन्ड्रीत तुम्ही येणार का?"

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं आत्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

"आत्या," तिनं विचारलं, "तिथं सकाळी किती वाजता जावं लागतं?"