बाजेखालची शेगडी

एसीचं एक बरं असतं, तो खोटं बोलत नाही. खोटं बोलतात माणसं. पंधरा वर्षं बीडमध्ये एसी दुरुस्त करतोय, "आमी रिमोटला हातबी लावला न्हाई" हे रोज ऐकतो. म्हणून पालीच्या आप्पांचा तिसरा फोन आला तेव्हा माझं टाळकंच सरकलं.

"अंगद, काय मशीन दिलं बे हे? खोली गारच होत न्हाई. असंच राहिलं तर लेकीला सासरचे पुण्याला घेऊन जाणार. मग तुझ्या मशीनला काय ओवाळू का?"

लेक म्हणजे तेजश्री. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. पुण्यात तिला एसीची सवय, म्हणून आप्पांनी मागच्या खोलीत माझ्याकडून नवा एसी बसवून घेतला होता. बाळ वीस दिवसांचं. आषाढातले दिवस, पाऊस पडून उघडायचा आणि गावालगतच्या धरणाकडून असा दमट वारा यायचा की ताटात वाढलेला पापड खाईपर्यंत मऊ पडावा.

याआधी दोनदा जाऊन आलो होतो, दोन्ही वेळा फोन करून. आप्पांच्या बायकोनं, सत्यभामाकाकूंनी, मला ओसरीवर चहा दिला. "थांब बाबा, बाळंतिणीची खोली हाय, आवरते," म्हणाल्या आणि अर्ध्या तासानं आत सोडलं. परक्या बाप्यानं बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं नसतं, हे मलाही कळतं. आत रिकामी बाज, लख्ख फरशी, ओव्याचा वास. मशीन चालू केलं की दहा मिनिटांत अंगावर काटा.

फक्त बाहेर एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली काठोकाठ भरलेली असायची. एका खोलीच्या हवेत एवढं पाणी येतं कुठून? फटींतून धरणाची हवा येत असणार, असं मी ठरवलं. दुसऱ्या खेपेला खिडकीची फट न् फट फोमनं बुजवली. वरचा झरोका बंद केला, दाराखाली रबर मारलं. "आता मुंगीबी शिरायची न्हाई," म्हणालो आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेलो.

त्याला दोन दिवस झाले आणि हा तिसरा फोन. या वेळी न कळवता भरदुपारी जाऊन धडकलो. काकू ओसरीवर डिंकाचे लाडू वळत होत्या, त्या लगबगीनं उठल्या.

"काकू, आवरू नका. हाय तसंच बघायचंय मला."

"आरं, लेक निजलीय."

"निजू द्या. न्हाईतर मशीन काढून नेतो." माझा आवाज चढलाच.

काकू कुरकुरत आत गेल्या, लेकीच्या अंगावर चादर सारखी केली आणि मला बोलावलं. पाऊल टाकलं आणि मला हसूच फुटलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या, त्यांवर ओले लंगोट आणि दुपटी. बाहेर वाळत नाहीत म्हणून एसीच्या वाऱ्यावर टाकलेली. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, लालबुंद. आई आणि बायको यांच्यात सापडलेल्या नवऱ्यासारखं बिचारं मशीन घुमत होतं.

"काकू, ही शेगडी?"

"शेक नको व्हय? एसीनं अंग धरतं तिचं, म्हणून दोन गोवऱ्या जास्तच टाकते. आन् काय सांगू, कालपासनं बाळ लई गुणी झालंय. सकाळपासनं रडलं न्हाई, दूध मागितलं न्हाई. नुसतं निजतंय."

माझं हसू जागीच थिजलं. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही. इतके दिवस तो ज्या फटींतून बाहेर जात होता, त्या मी बुजवल्या होत्या.

"बाळाला भाईर घ्या!" मी ओरडलो. ओली दुपटी हाताला गुंडाळून शेगडी अंगणात फेकली, खिडकी लाथेनं उघडली. तेजश्री उठायला गेली आणि भिंत धरून ओकली.

"कालपासून डोकं फुटतंय," ती म्हणाली.

"मग सांगितलं कावून न्हाई गं?"

"काय सांगू आई? एसी नको म्हटलं तर आप्पा हिरमुसणार, शेगडी नको म्हटलं तर तू."

ओसरीवर काकूंच्या मांडीवर बाळ, डोळे मिटलेले. काकू तळवे चोळत हाका मारत होत्या. आरडाओरडा ऐकून आलेले आप्पा जीप काढायला धावले. मी हातात फोमचा तुकडा घेऊन उभा. जन्मात एवढा घाबरलो नव्हतो.

बाळानं ओठ मुरडले. आधी बारीक कुंई केलं, मग असा टाहो फोडला की शेजारपाजारचे गोळा झाले. काकूंनी त्याहून मोठ्यानं गळा काढला.

बीडच्या डॉक्टरांनी मायलेकरांना ऑक्सिजन लावून दोन दिवस ठेवून घेतलं. दवाखान्याच्या दारात आप्पांनी माझे हात धरले. "देवासारखा आलास बे."

"आप्पा, त्या फटी मीच बुजवल्या होत्या," मी म्हणालो. हे बोललो नसतो तर मला झोप आली नसती.

 काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "आन् तुला दोनदा खोली आवरून दाखवली ती मी. तू तरी काय करणार?"

तेजश्री सव्वा महिना माहेरीच राहणार आहे. झरोका मीच जाऊन मोकळा केला, काकू आता ओसरीवर शेक देतात. उघड्या झरोक्यामुळे एसी दिवसभर धापा टाकतो, खोली पुरती गार होत नाही. आप्पांचा चौथा फोन काही आलेला नाही.