टोपी डोक्यावर की हातात

त्या गावात गहू आणि बेसबॉल सोडून तिसरं काही पिकत नाही, आणि भांडणं दोन्हींवरून होतात. त्यातही जूनमध्ये सगळ्या संघांतून बारा पोरं उचलून जिल्ह्याला पाठवायच्या ऑल-स्टार संघाची निवड म्हणजे कहर. एरवी चर्चमध्ये शेजारी बसून गाणारी माणसं त्या आठवड्यात एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत.

नदीन चार वर्षं निळ्या संघाची कोच होती आणि निवडीला दरवर्षी बसायची. पण यंदा तिचा कोडी बारा वर्षांचा झाला होता. पुढच्या उन्हाळ्यात तो या गटात बसणार नव्हता. ऑल-स्टारमध्ये जायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. सबंध हिवाळा त्याने गॅरेजमध्ये ताडपत्री टांगून तिच्यावर चेंडू बडवले होते. बाहेर बर्फ पडायचं आणि आत धप्प, धप्प. भांडी घासताना नदीनला तो आवाज ऐकू यायचा. एवढ्या कष्टाचं चीज होऊ दे, असं तिला फार वाटायचं.

"माझ्यासाठी बोलशील ना?" गाडीतून उतरताना त्याने विचारलं.

"माझ्या मुलाचा विषय निघाला की मला बाहेर जावं लागतं, राजा. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पण तरी."

"पण तरी काय?"

"काही नाही, कोच," म्हणत तो हसला. कारण तेवढ्यात त्याचा पाय मैदानाच्या मातीला लागला होता. मैदानात कोच आणि गाडीत आई, हा नियम त्याने स्वतःच पहिल्या वर्षी केला होता, आणि तो एकदाही मोडला नव्हता.

निवडीची खोली खाण्याच्या टपरीच्या मागे होती. तिथली रीत अशी: कोचच्या मुलाचा विषय निघाला की त्याने आपली टोपी टेबलावर ठेवून बाहेर जायचं. परत आल्यावर टोपी सुलटी दिसली तर पोरगं संघात, उलटी दिसली तर नाही. का, कसं, कोण काय म्हणालं, एक अक्षर विचारायचं नाही. मग सभा संपली की ज्याचं पोरगं घेतलं तो टोपी घालून बाहेर पडणार, ज्याचं राहिलं तो टोपी हातात घेऊन. बाकीची नावं दुसऱ्या दिवशी फलकावर लागायची, पण कोचच्या पोरांचा निकाल दारातच कळायचा. म्हणून समोरच्या पायऱ्यांवर पोरं संध्याकाळपासून दाराकडे डोळे लावून बसायची.

अकरा नावं झटपट झाली. घोडं अडलं बाराव्यावर. दोन पोरं उरली होती आणि दोघंही नदीनच्याच संघातली. एक कोडी, दुसरा टोबी.

टोबी म्हणजे वाह्यात कार्टं. कॅचर. बॅटरच्या मागे तोंडाला जाळी लावून उकिडवा बसायचा आणि तिथून बॅटरला, पंचाला, स्वतःच्या संघालाही टोमणे मारायचा. शेवटच्या सामन्यात कोडीच्या हातून उंच झेल सुटला, आणि कोडी म्हणाला, "डोळ्यात ऊन आलं, कोच." नदीन सगळ्यांदेखत कडाडली होती, "ऊन सगळ्यांच्याच डोळ्यात येतं! टोपी कशाला दिलीय?" तेव्हापासून कोडी दिसला की टोबी कपाळावर हात धरायचा. "काय रे, ऊन लागतंय का?" आणि टोबीचा बाप म्हणजे त्याच्याही वरताण. पंचावर असा ओरडायचा की रस्त्यापलीकडची कुत्री भुंकू लागायची.

"आधी कोडीचं बघू," अध्यक्ष हार्लन म्हणाला. नदीनने टोपी टेबलावर ठेवली आणि ती बाहेर गेली.

बाहेर बर्फाचं यंत्र घरघरत होतं. तिने मनातल्या मनात कोडीचे सगळे चांगले फटके आठवून पाहिले, आणि तो झेल आठवायचा नाही असं ठरवल्यामुळे नेमका तोच आठवत राहिला. इतक्यात यंत्र आचके देऊन बंद पडलं आणि फळ्यांच्या भिंतीआडून आवाज स्पष्ट ऐकू आले.

"टोबी भारी आहे, नाही कोण म्हणतंय?" हा हार्डवेअरवाला गस. "पण टोबीला घेतलं की त्याचा बाप येतो. कोडीला घेतलं की नदीन येते. सँडविच, गाडी, बँडेज, सगळं आलं. मला विचाराल तर आईला घ्या."

हशा पिकला.

"पोरगं गुणी आहे पण," दुसऱ्या संघाचा कोच ड्वाइट म्हणाला.

"गुणी आहेच की. झेल सोडतो, पण 'सॉरी सर' म्हणून सोडतो."

पुन्हा हशा. नदीनचे कान तापले. आत जाऊन गसच्या डोक्यात बर्फाची पिशवी घालावी असं तिला वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"ये आत!" हार्लनची हाक आली.

टोपी सुलटी होती.

क्षणभर तिला बाकी सगळ्याचा विसर पडला. कोडी! घेतलं माझ्या कोडीला! ती खुर्चीवर बसली. तिघं तिच्याकडे पाहून हसत होते. टोपी उचलून डोक्यावर ठेवली की काम संपत होतं. तिने हात पुढे केला, आणि तो टोपीवर तसाच राहिला.

"आपल्याकडे दुसरा कॅचर कोण आहे?" तिने विचारलं.

"अगं, आता ते झालं," गस म्हणाला.

"झालं नाही. कोण आहे?"

"ड्वाइटच्या संघातला तो लाल केसांचा पोरगा बसेल की."

"तो चेंडू आला की डोळे मिटतो, गस!"

"मिटतो खरा," ड्वाइट हळूच म्हणाला.

"रीत विसरलीस का, नदीन?" हार्लनच्या कपाळाला आठ्या पडल्या. "टोपी सुलटी आहे. विचारायचं नाही."

"उलटी असती तर नसतं विचारलं, हार्लन. तुमची ती भिंत पातळ आहे. आणि सँडविच मी टोबी असलेल्या संघालाही देईन, तेवढ्यासाठी माझं पोर घेऊ नका."

गसचा चेहरा पडला. नदीनला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. पायऱ्यांवर बसलेला कोडी तिला त्या भिंतीतूनही दिसत होता. त्या जागेसाठी त्याने जे केलं ते खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, तिला एकटीला ठाऊक होतं. पण उन्हात रोज सामनाभर उकिडवा बसलेला, गुडघे सोललेला तो तोंडाळ टोबीही तिनेच पाहिला होता.

तिने टोपी उलटी केली.

"पुन्हा विचार कर," हार्लन म्हणाला. या वेळी मऊपणे. "उद्या नाव बदलता यायचं नाही."

"लिहा टोबी. लवकर लिहा, नाहीतर मी बदलेन."

हार्लनने लिहिलं. ती टोपी उचलून निघाली. कोडीला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याचीच जुळवाजुळव करत तिने दार ढकललं. मावळतीचं ऊन धान्याच्या कोठारांमधून थेट तिच्या डोळ्यांवर आलं. चार वर्षं, कोडीचा विषय निघत नव्हता तेव्हा, त्या दारातून बाहेर पडताना उन्हापुढे हाताने जे केलं तेच त्याने आताही केलं. टोपी डोक्यावर गेली.

"येस्स!"

पायऱ्यांवर आरोळी उठली. कोडी वेडापिसा होऊन उड्या मारत होता. पोरं त्याच्या पाठीवर थापा घालत होती. टोबी एका बाजूला सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला होता. बाकी अकरा नावं कोणाची हे गावात आधीच सगळ्यांना ठाऊक होतं; दोघांत एकच जागा उरली होती हे त्यालाही माहीत होतं. तो उठला, बियांची टरफलं थुंकली आणि कोडीला खांद्याने ढकलून म्हणाला, "जिल्ह्याच्या सामन्यात ऊन आलं म्हणू नकोस हं." मग सायकल उचलून चालू लागला.

आपण काय केलं ते नदीनला तेव्हा कळलं. टोपी तशीच राहू द्यावी, उद्याचं उद्या पाहू, असं एकदा मनात येऊन गेलं. मग तिने टोपी काढली आणि हातात धरली.

पोरांचा गलका हळूहळू विझला. टोबी सायकल धरून वळून पाहत होता. कोडी तिच्याजवळ आला. त्याने टोपीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग घातलीस कशाला?"

तिला दुसरं काही सुचेना. दुसरं काही खरंही नव्हतं.

"डोळ्यात ऊन आलं, कोडी."

तो वळला. मान खाली घालून गाडीकडे गेला. त्याने दार उघडलं, आत बसला आणि दार लावून घेतलं. नदीन स्टिअरिंगमागे येऊन बसली. आत काय घडलं ते सगळं सांगायचं तिने ठरवलं होतं, पण तिने आधी किल्ली फिरवली.

"पट्टा लाव, राजा," ती म्हणाली.

त्याने पट्टा लावला.

"हो, कोच," तो म्हणाला.