सरळ उभा राहिलो त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुना स्टँड आहे. सायकलचा नाही हं! रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. माझ्या खाचांत काचेच्या उंच, बारीक नळ्या उभ्या करतात. नळीत रक्त भरलं की तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. शरीरात कुठे सूज धुमसत असेल, तर त्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर उतरतात. तासाभरात किती उतरल्या, ते मोजायचं. बस्स! काय ऐट होती माझी!

मग माझ्या एका पायाचं रबर झिजलं आणि मी कललो. तिरक्या नळीत पेशी घसरगुंडीवर बसल्यासारख्या लवकर खाली येतात. धडधाकट माणसंसुद्धा आजारी दिसू लागली! प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यावर सोपा तोडगा काढला. "हा म्हातारा वाढवूनच सांगतो," म्हणायचं आणि आलेल्या आकड्यातून थोडं वजा करायचं. मला लाज वाटायची. पण सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं.

एकदा दुसरंच यंत्र दुरुस्त करायला मेकॅनिक आला. जाता जाता त्याने माझ्या पायाला नवं रबर बसवलं. "उभा राहा बाबा नीट!" म्हणाला आणि कुणाला न सांगता गेला. मी किती खूश झालो!

त्याच दुपारी बाईंची भाची आली. पळण्याच्या शर्यतीत भाग घेणारी, पण रोज सकाळी गुडघे सुजायचे.

"स्पर्धा आली की हिचे गुडघे बरोब्बर दुखतात," तिचे बाबा म्हणाले. "नुसती नाटकं!"

"बाबा, जिना उतरता येत नाही मला. खरंच!"

तिच्या पेशी झरझर उतरल्या. मी ताठ उभा होतो, अगदी खरं सांगत होतो. बाईंनी आकडा पाहिला आणि सवयीने वजाबाकी केली.

"नॉर्मल आहे रे दादा."

ती शर्यतीत पळाली. मैदानातच कोसळली. मोठ्या दवाखान्यात सांध्यांचा आजार निघाला. औषधाने आटोक्यात येईल, पण उशीर झाला होता.

ते कळताच बाई धावत आल्या, माझ्या शेजारी पट्टी उभी धरली, खाली वाकल्या. "अगं बाई! हा तर सरळ आहे!" त्या मटकन स्टुलावर बसल्या.

पुढच्या तपासणीला भाची आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "चुकले गं मी."

"आत्या, ते राहू दे. बाबांना एवढंच सांग, मी खोटं बोलत नव्हते."

बाबा दारातच उभे होते. त्यांना मान वर करता येईना.

मित्रांनो, मी खरं सांगितलं, तरी अपराधी वाटतं. इतके दिवस कललेला राहून माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती ना! म्हणून एक विनंती. काही बिघडलं तर त्याची सवय करून घेऊ नका, लगेच दुरुस्त करा. आणि कुणी 'दुखतंय' म्हणालं, तर त्यातून काही वजा करू नका.