घोंगडीला दहापैकी नऊ

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघा. काळी, खरबरीत, एका कोपऱ्याला कोकरांनी चावून विरलेली मी एक जुनी घोंगडी. हिला पेहरावाचे बक्षीस मिळाले आहे असे कुणी सांगितले तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण सांगलीतल्या एका पुरस्कार सोहळ्यात, लाल गालिच्यावर, नटनट्यांच्या देखत मला दहापैकी नऊ गुण पडले, हे खरे आहे. त्या संध्याकाळी आम्हाला हवे होते ते मात्र मिळाले नाही. काय हवे होते, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म साताऱ्याकडच्या औंधच्या पलीकडच्या माळावरचा. नाथाजींच्या मेंढ्यांची लोकर, आणि सूत काढले ते त्यांच्या बायकोने, हरणाबाईने. मेंढरांमागे चालता चालता ती चाती फिरवून लोकर कातायची. तिच्या सुताला पीळ असा, की ओढून बघणाऱ्याचे बोट दुखावे. मग अर्जुना सनगराने मला मागावर विणले, चिंचोक्याची खळ पाजली आणि उन्हात ताणली. नवी असताना मी इतकी कडक होते, की जमिनीवर टेकवली तर आपली आपण उभी राहायचे! तेव्हाचा तोरा आता राहिला नाही.

नाथाजींच्या खांद्यावर मी अठरा वर्षे काढली. पावसात मी त्यांच्या डोक्यावरची खोळ झाले, थंडीत अंथरूण झाले, पाव्हणा आला की बैठक झाले. आमच्याकडे घोंगडी अंथरली की माणूस पायताण बाजूला काढूनच तिच्यावर पाय ठेवतो. लहान पोरालासुद्धा हे सांगावे लागत नाही. दिवाळी सरली की आम्ही मेंढरे घेऊन कृष्णाकाठी उतरायचो, कराड, इस्लामपूरच्या बाजूला. ऊसतोडणी झालेल्या रानात मेंढरे बसवायची, शेतकऱ्याला खत मिळायचे आणि आमच्या पोटाला धान्य.

नाथाजी आणि हरणाबाई यांचा संसार एकेचाळीस वर्षांचा. पण एवढ्या वर्षांत नाथाजींनी तिला कधी नावाने हाक मारली नाही. आधी 'अगं ए', आणि लेक झाल्यावर 'मंगलची आई'. त्यांच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचे नाव तोंडातून काढत नसत. लग्नात उखाण्याची वेळ आली, तेव्हा मेंढरे पाण्यावर न्यायची आहेत असे सांगून हे महाराज मांडवातून उठून गेले. हे हरणाबाईच हसून सांगायची. माया नव्हती असे समजू नका. तिला ताप आला की हे जेवत नसत.

आता त्या गाण्याचे सांगते. एका दुपारी कळप पुढे गेला आणि एक कोकरू मागे राहिले. हरणाबाई माघारी फिरली, मला खांद्यावर घेऊन. कोकरू काट्यात अडकले होते. तिने ते सोडवले, माझ्या घडीत घातले आणि चालता चालता गाऊ लागली. आधी नुसता सूर, मग शब्द. अडली की थांबायची, शब्द बदलायची, पुन्हा पहिल्यापासून. तळावर पोचेपर्यंत गाणे पुरे झाले होते.

माळ माझा गं मोकळा, त्याला कुंपण ना दार
मागं ऱ्हायलं कोकरू, त्याचा खांद्यावर भार

ते गाणे जुळले तेव्हा तिथे तिघेच होतो. ती, ते कोकरू आणि मी.

पुढे इस्लामपूरजवळ आमचा तळ असताना एका मराठी सिनेमाची माणसे तिकडून चालली होती. त्यांनी गाणे ऐकले, यंत्र लावून तिच्याच आवाजात भरून घेतले, चहा घेतला आणि गेली. दोन वर्षांनी सिनेमा आला. तोवर हरणाबाई पोटाच्या दुखण्याने गेली होती. गाणे मात्र मोबाइलवर, लग्नाच्या मांडवात, उसाच्या ट्रॅक्टरवर, जिथे तिथे वाजू लागले. मंगल इस्लामपूरला दिलेली. तिने मोबाइलवर त्या गाण्याखालची अक्षरे वाचली आणि ती तडक वडिलांकडे आली.

"आबा, आईचं नावच न्हाई हितं. गीत पारंपरिक म्हणून लिवलंय. गायलंय कोण, तेबी न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी कुनाचंच न्हाई. आपलं असंच, वाऱ्यावर आलेलं."

नाथाजी माझ्यावर बसले होते, तिथेच बोटाने माझी लोकर उपटत राहिले. मला तोंड असते तर त्या दुपारचा एक एक शब्द मी सांगितला असता.

मंगलने सिनेमावाल्यांना फोन केले. शेवटी एकजण म्हणाला, सांगलीला पुरस्कार आहेत, गाण्याला मिळेल असे दिसते, घरच्या माणसाने येऊन माईकवर नाव सांगावे म्हणजे ते सगळीकडे लागेल. त्यांनी एक पास पाठवला. एकच. तो नाथाजींच्या नावाचा होता.

सांगलीच्या एसटीत मंगलने वडिलांची तयारी करून घेतली.

"आवं आबा, माईक आला की येवढंच म्हनायचं, ह्ये गानं हरणाबाईचं हाय. म्हना बगू."

"म्हंतो की. तितं गेल्यावर म्हंतो."

"आत्ता म्हना."

नाथाजींनी इकडे तिकडे पाहिले. गाडीत कंडक्टर होता, समोर दोन बाया होत्या. "ह्ये गानं..." म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. आष्टा गेले, सांगली आली, तरी गाणे कुणाचे ते त्यांच्या ओठांवर आले नाही.

सोहळ्याच्या दारात लाल गालिचा टाकला होता. दोन्ही बाजूंना दोर, दोरामागे माणसेच माणसे, आणि गालिच्याच्या टोकाला एक टेबल. टेबलामागे पेहरावाची पारख करणारे दोघे बसलेले. एक राजेश्वरीबाई, सांगलीत त्यांचे कपड्यांचे मोठे दुकान आहे. दुसरा कराडचा विश्वजित, मोबाइलवर फॅशनचे व्हिडिओ करणारा. कुणी आले की हे दोघे त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि आकड्याची पाटी वर करायचे. मागच्या मोठ्या पडद्यावर गुण झळकायचे. प्रांजल नावाची सूत्रसंचालक मुलगी माईक घेऊन धावपळ करत होती.

एक नटी आली. तिचा झगा एवढा लांब, की दोन माणसे शेपूट उचलून मागून चालली होती. राजेश्वरीबाई म्हणाल्या, "रंग छान आहे, पण खांद्यात ओढलाय. सहा." मित्रांनो, मी कापडाच्या जातीची. शिवण खांद्यात ओढली होती हे मलाही दिसत होते. बाईंची नजर तयार होती. मग एक नट आला, काळा सूट घालून. विश्वजित म्हणाला, "हे गेल्या वर्षीचंच आहे दादा! पाच." नट हसला, पण आत जाताना त्याचा चेहरा उतरला होता.

आणि मग आम्ही. नाथाजींनी गालिचा पाहिला, विणलेले काही अंथरले आहे असे पाहिले आणि सवयीने पायताण काढून काखेत धरले. अनवाणी चालत आले, धोतर, पागोटे आणि खांद्यावर मी. विश्वजित उभाच राहिला.

"बघा, पायात काही नाही! एवढी हिंमत आज कुणी केली?"

नाथाजींना कसली हिंमत, ते कळले नाही. राजेश्वरीबाई मात्र टेबलामागून उठून आल्या. त्यांनी मला हातात घेतले, कड उलटून पाहिली, दोन बोटांत माझा धागा फिरवला.

"हातसूत आहे हे," त्या म्हणाल्या. "असा पीळ आता बघायला मिळत नाही. आजोबा, कुणी काढलंय हे सूत?"

मित्रांनो, एवढ्या गर्दीत बरोबर तेवढाच प्रश्न विचारणारे माणूस भेटले होते. आधी सुताला नाव मिळाले असते, मग गाण्यालाही मिळाले असते. प्रांजलने माईक नाथाजींच्या तोंडापुढे धरला.

"घरच्याच मानसानं," नाथाजी म्हणाले.

"नाव काय त्यांचं?"

दोरामागून मंगल ओरडली, "आबा, आईचं नाव सांगा!" तिच्या शेजारच्या बायांनी ते उचलले. "नाव घ्या, नाव घ्या!" लग्नघरात नवरदेवाला घेरतात तसा कल्लोळ झाला. लोकांनी मोबाइल उंचावले. माझ्याखाली नाथाजींचा खांदा ताठ झाला. त्यांनी मान खाली घातली, मला चाचपले आणि म्हणाले, "मंगलची आई."

केवढा हशा, केवढ्या टाळ्या! राजेश्वरीबाईंनी कागदावर लिहून घेतले. पडद्यावर माझे मोठे चित्र आले आणि खाली अक्षरे आली. पेहराव घरगुती, निर्मिती मंगलची आई, दहापैकी नऊ. नाथाजींना वाचता येत नाही. "गानं बी तिचंच..." असे ते म्हणत होते, तोवर माईक पुढच्या गाडीकडे गेला होता.

आत आम्हाला मागची खुर्ची मिळाली. बरीच बक्षिसे झाल्यावर गाण्याचा पुकारा झाला. वाचणाऱ्याने वाचले, "गीत पारंपरिक." सगळे सभागृह त्या सुराबरोबर डोलले. हरणाबाईचा आवाज भिंतींना लागून परत येत होता आणि नाथाजी अर्धे उठून उभे राहिले. मागच्या माणसाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बसा आजोबा, दिसत नाही." बक्षीस घ्यायला निर्माता ऋषिराज गेला. त्याने आईचे आभार मानले, मित्रांचे मानले, व्यायाम शिकवणाऱ्याचेही मानले. माणूस वाईट नव्हता. त्याला ठाऊकच नव्हते, आणि ठाऊक करून घ्यायचे त्याच्या मनात आले नव्हते.

मला वाटले, संपले सगळे. पण थोड्या वेळाने राजेश्वरीबाई मंचावर आल्या आणि सर्वोत्तम पेहरावासाठी नाथाजींचे नाव पुकारले. पुन्हा पायताण काढून नाथाजी पायऱ्या चढले. हातात बक्षिसाची चकचकीत बाहुली दिली गेली. आणि माईक, मित्रांनो, माईक त्यांच्या दुसऱ्या हातात दिला गेला.

"आजोबा, दोन शब्द," प्रांजल म्हणाली.

सभागृह शांत झाले. एवढी शांतता मी माळावरसुद्धा ऐकली नव्हती. नाथाजींचा घाम माझ्यात उतरत होता.

"मघाचं त्ये गानं," ते म्हणाले, "त्ये पारंपरिक न्हाई. त्ये... आमच्या..."

थांबले. गिळले. ओठ हलले, पण आवाज नाही. मी त्यांच्या गळ्याशीच होते. नाव तिथवर आल्याचे मला कळत होते. हरणाबाईने जिच्यासमोर पहिल्यांदा ते गाणे गुणगुणले, ती मी, त्यांच्या खांद्यावर, आणि मला साधे खाकरताही येत नव्हते. कुणीतरी मागून पुन्हा सुरुवात केली, "नाव घ्या, नाव घ्या!" सगळे टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणू लागले. किती प्रेमाने म्हणत होते! एकाच्याही मनात पाप नव्हते.

"लाजले आजोबा!" प्रांजल हसली. तिने माईक अलगद काढून घेतला, वाद्ये सुरू झाली आणि पुढच्या बक्षिसाचा पुकारा झाला.

पायऱ्या उतरताना, पडद्याच्या आडोशाला नाथाजी थांबले. बाहुली बगलेत धरली, माझा पदर दोन्ही हातांनी तोंडावर ओढला आणि म्हणाले, "हरणाबाई." मग पुन्हा एकदा, "हरणाबाई." सगळी वर्षे साठलेले नाव ते. माझ्याशिवाय कुणीही ऐकले नाही.

बाहेर मंगलने विचारले, "घेतलं का नाव?" नाथाजींनी मान हलवली. होय की नाही, ते तिला कळले नाही, आणि तिने पुन्हा विचारले नाही. एसटीत ती वडिलांचा हात धरून बसली होती.

तेव्हापासून मी मंगलच्या घरी कपाटात असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. बक्षीस मिळालेली घोंगडी वापरून खराब करायची नाही, असे घरात ठरले आहे. नाथाजींनी नवी घेतली, यंत्रावर विणलेली. ती पहिल्या पावसातच गळली म्हणतात. लोक मला बघायला येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात, नऊ गुण कशाचे ते विचारतात. सूत कुणाचे, ते अजून कुणी विचारले नाही. गाण्याखाली अजून पारंपरिकच लिहिलेले आहे. मंगल फोन करते, पलीकडून 'बघतो' म्हणतात.

मित्रांनो, मला उन्हात काढा, कसर लागू देऊ नका, असे मी म्हणायला हवे. जुन्या वस्तू शेवटी असेच काहीतरी मागतात. पण मला कसर लागली तरी चालेल. तुमच्या घरात जिने सूत काढले, गाणे जुळवले, भाकरी थापली, तिचे नाव तिला ऐकू येईल तेव्हाच घ्या. आणि कुठे ते कोकराचे गाणे वाजले, तर सोबतच्या माणसाला ते कुणाचे आहे तेवढे सांगा. नाथाजींना ते चारचौघांत जमले नाही, आणि मला तर तोंडच नाही. तिचे नाव हरणाबाई.