भिंतीवरची शेवटची ओळ

आमच्याइतकं देखणं कर्ज दुसऱ्या कुणाचं झालं नसेल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पत्र्याच्या कपाटाशेजारी सहा ओळींत ते लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक ओळीचं वळण वेगळं. बँकेची अक्षरं जाड नि चौकोनी. मशीनच्या हप्त्यांना लाल सावली. रंगाच्या दुकानदाराच्या अक्षरांना लांब शेपट्या, कारण त्याची उधारीही तशीच लांबत गेली होती.

माझा नवरा पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणायचे, मीही. बाजारातल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची. मग छापील फलक आले, तासाभरात तयार, आणि त्याचे ब्रश कोरडे पडायला लागले. म्हणून त्यानेही कर्ज काढून छपाईचं मशीन घेतलं. तोवर गल्लोगल्ली तशीच मशीनं लागली होती. तीन वर्षांत आमचं भंगारात गेलं. मागे राहिले तीन लाख बारा हजार.

मी एका दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा द्यायचं काम करायचे. एका रविवारी म्हटलं, "पेंटर, जो दारात येऊन ओरडेल त्याच्या हातावर खिशातलं काढून ठेवायचं, हे आता बंद. एकदा सगळं मांडून बघू."

मी वही आणायला उठले, तर हा ब्रश घेऊन आला.

"वही मिटता येते," तो म्हणाला. "इथे रोज जेवताना दिसेल."

"मग निदान पेन्सिलीने लिही. खोडता येईल."

"भिंतीवर पेन्सिलीने? मी पेंटर आहे की सुतार?"

आणि चक्क ऑइलपेंटने लिहिलं. दोन दिवस खपत होता. मी त्याला वेड्यात काढलं, पण दुसऱ्या दिवशी जेवताना माझीही नजर सारखी तिकडेच जात होती.

योजना साधी होती. सगळ्यात लहान देणं आधी संपवायचं. बाकीच्यांकडे आपण होऊन जायचं, तोंड लपवायचं नाही, सांगायचं की पाच तारखेला इतकेच देऊ, पण चुकवणार नाही. रंगवाला म्हणाला, "आलात हेच खूप झालं, लोक माझं दुकान दिसलं की रस्ता बदलतात." बँकेतल्या बाईंनी आमचा कागद दोनदा वाचला आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून दिला. एक देणं फिटलं की त्या ओळीवर पांढरा हात मारायचा आणि तिचे पैसे पुढच्या ओळीला जोडायचे.

सहावी ओळ होती, 'वहिनी, चाळीस हजार'. वहिनी म्हणजे पेंटरच्या मोठ्या भावाची बायको. दादा माणूस चांगला, पण घरातला पैसा न् पैसा त्यांच्या हातात. सुईदोऱ्याला लागले तरी वहिनींनी मागायचे. वीस वर्षं लोकांच्या पॅंटी आखूड करून, चेनी बदलून, मिळकतीतला निम्माच आकडा दादांना सांगून त्यांनी ते चाळीस हजार साठवले होते. मशीनला कमी पडले तेव्हा डबाच आमच्यापुढे उपडा केला. "यांना कळता कामा नये," एवढंच म्हणाल्या. त्यांनी परत कधी विषय काढला नाही, म्हणून त्या सगळ्यांत शेवटी गेल्या. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तसं आम्ही केलं. याची लाज मला आजही वाटते.

बाकी कर्ज फेडण्यात गेलेल्या त्या चार वर्षांची मात्र मुळीच लाज वाटत नाही. उलट आठवण येते. पेंटर पुन्हा हाताने लिहायला लागला. घरांवरच्या नावाच्या पाट्या, शाळेच्या बाकांवरचे आकडे, टेम्पोच्या मागचे शेर, मिळेल ते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही फरशीवर बसून नोटांच्या चळती लावायचो, त्यातून चहा-साखरेपुरते बाजूला काढायचो आणि एखादी ओळ संपली असेल तर तो समारंभाने रंगाचा डबा उघडायचा. टर्पेंटाइनचा वास घरभर. मी म्हणायचे, "दुसरा हात मार, अजून बँक दिसतेय." आता आमच्याकडे बरं घर आहे, भिंती गुळगुळीत आहेत, महिन्याचा पहिला रविवार कधी येऊन जातो कळतही नाही. इतके जवळ आम्ही पुन्हा कधी बसलो नाही.

पाच ओळी पांढऱ्या झाल्या आणि एका दुपारी दादा न सांगता चहाला आले. थेट स्वयंपाकघरात. अख्ख्या भिंतीवर तेवढी एकच ओळ, तीही पेंटरच्या सुरेख अक्षरात, वीतभर उंच.

"ही वहिनी कोण?" दादांनी विचारलं.

"शेजारच्या," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. आपल्या बायकोकडे चाळीस हजार असतील हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. "आधी त्यांचे द्यायला हवे होते," ते म्हणाले. "बाईमाणसाच्या कष्टाचे पैसे अडकवू नयेत."

तीन महिन्यांत आम्ही रक्कम पुरी केली आणि दादा घरी नसताना वहिनींच्या हातात पाकीट ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे घेऊन मी ठेवू कुठे? आता इथलं प्रत्येक कपाट ते उघडतात," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आहेत तोवर ते माझे आहेत गं. राहू देत."

मग मी बँकेत माझ्या नावावर वेगळं खातं काढलं आणि त्यात ते टाकले. पेंटर ती ओळ पुसायला गेला, पण त्याचा हात उचलेना. "दिले नाहीत तर फिटले कसं म्हणू?" तो म्हणाला.

पुढची दोन वर्षं दादा आले की भिंतीकडे बघायचे आणि तोंडसुख घ्यायचे. पेंटर खाली मान घालून ऐकायचा. दमडी न दमडी फेडलेला माणूस, आणि सख्ख्या भावाकडून बुडव्या म्हणवून घेत होता. मला ते बघवत नव्हतं, पण वहिनींना शब्द दिलेला होता.

एकदा दोघं बरोबर आले. दादांनी चहाचा घोट घेतला आणि सुरू झाले, "अजून तशीच? निर्लज्जपणाची हद्द झाली. त्या बिचाऱ्या बाईला काय वाटत असेल?"

"मला काही वाटत नाही," वहिनी म्हणाल्या.

दादांना कळलं नाही. वहिनींनी कप खाली ठेवला.

"ती वहिनी मीच आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वीच पैसे आणून दिले होते. मीच परत पाठवले. आता माझ्या दिराला काही बोलू नका."

"माझ्यापासून लपवून?" दादांचा आवाज एकदम बारीक झाला. "मागितले असतेस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "पण मागावं लागलं असतं."

दादा भिंतीवरची ती ओळ पुन्हा वाचू लागले. खरं सांगायचं तर मला त्यांची दयाही आली. वहिनी माझ्याकडे वळल्या. "बँक उद्या किती वाजता उघडते गं? माझ्या नावाने खातं काढायचंय."

"दहाला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला आमचं कर्ज फिटलं.