चौथ्या कोपऱ्यातली द्राक्षं

आमच्या हिचा एक डोळा पूर्वीच गेला होता. दुसऱ्याचा पडदा सुटला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण हमी देता येत नाही." मी पुन्हा पुन्हा हमीच मागत राहिलो. हिनं मात्र विचारलं, "नंतर भरतकाम करता येईल ना?"

चर्चच्या वेदीवर अंथरायचं कापड ती भरत होती. चार कोपऱ्यांत द्राक्षांचे चार घोस. तीन झाले होते, चौथ्याच्या जागी नुसती पेन्सिलची रेघ. बाकीच्या बायका पुरं करतील, असं फादर म्हणाले. ही म्हणाली, "नको. डोळा बरा झाला की मीच करीन. देव बघेल."

"देव बघेल गं, तू बघशील का?" मी चिडलोच. माझा जन्म गॅरेजात गेला. ब्रेक तपासल्याशिवाय मी गाडी उतारावर सोडत नाही.

"नाही दिसलं, तर तो हात धरून नेईल."

"आणि तो कुठं भेटायचा?"

"तुम्ही आहात की," असं म्हणून ती पिशवी भरायला लागली.

ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली. माझ्या डोक्यात एकच भुंगा: पट्टी निघूनही अंधारच राहिला, तर ही कापड चाचपेल आणि बोटांना तो रिकामा कोपरा लागेल. ते मला सोसलं नसतं. म्हणून मी कापड दवाखान्यात आणलं, तिच्या खाटेशी बसलो आणि सुई हातात घेतली. मी! ज्यानं कधी शर्टाचं बटण लावलं नाही.

"काय करताय?"

"पेपर वाचतोय."

"मग मोठ्यानं वाचा."

झाली का पंचाईत! हातानं टाके घालायचे आणि तोंडानं मनच्या बातम्या सांगायच्या. तेवढ्यात सुई बोटात घुसली. "आई गं!"

"काय झालं?"

"पेट्रोल महागलं."

"आपली गाडी तर बंदच आहे," असं म्हणून ती पुन्हा रोझरीचे मणी ओढू लागली.

पट्टी काढायला डॉक्टर जरा लवकरच आले. कापड लपवायला वेळच मिळाला नाही, ते मांडीवरच राहिलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि तिच्यापुढे बोटं धरली. "किती आहेत?"

हिनं मान खाली घातली. मग कळलं, ती बोटांकडे बघतच नव्हती.

"अहो, माझ्या कापडावर हे बटाटे कुणी काढले?"

मी डॉक्टरांसमोरच रडलो, लाजबिज काही वाटली नाही. "दोन," असं डॉक्टर स्वतःच म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतला.

घरी आल्यावर मी म्हटलं, उसवून टाक. काही दिवसांनी डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा तिनं कात्री घेतली, घोसावरून बोट फिरवलं आणि कात्री परत ठेवली. "राहू दे. भीतीपोटी का होईना, माझ्यासाठी केलंय."

रविवारी कापड वेदीवर अंथरलं गेलं. चौथा कोपरा नेमका लोकांच्या बाजूला! आम्ही सगळ्यांत मागच्या बाकावर. हिनं मला कोपरानं ढोसलं.

"इथूनसुद्धा दिसतात हो तुमचे बटाटे."

"इथून? खरंच?"

"एक न् एक."

मिस्साची प्रार्थना अजून सुरू व्हायची होती, पण मी तिथंच गुडघे टेकले.