पालकांशी बोलायचं आहे

"बास झालं तुहं वाचनं! पोळी करपून राहिली इकडं!" शीला स्वयंपाकघरातून ओरडली. पोळी काही करपत नव्हती.

बाहेरच्या खोलीत ऐश्वर्या फोनमध्ये बघून बाबांना एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठाची माहिती वाचून दाखवत होती. साठ विभाग, मुलींची सहा वसतिगृहं, आतल्या आत फिरायला बस. पोलाद कारखान्यात पहिली पाळी करून आलेले सुशीलराव चहात टोस बुडवत ऐकत होते.

"कोन्त्या सेक्टरमंदी हाय म्हन्ते हे?" त्यांनी विचारलं. सारा जन्म भिलाईत गेलेला. शहर म्हटलं की त्याला सेक्टर असायचेच.

"बाबा, वहाँ सेक्टर नहीं होते! ती युनिव्हर्सिटीच आपल्या सेक्टर टेनपेक्षा मोठी आहे."

"मंग आईले विचार. ते म्हनन तसं."

आता घ्या! शीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई जावेच्या बांगड्यांवर जळते, शेजारणीच्या साडीवर जळते, हे समजू शकतं. पण पोटच्या पोरीवर? शीला जळत होती, आणि तिचं तिला ते चांगलं ठाऊक होतं. काटोलला बारावी झाल्यावर तिनंही नागपूरच्या कॉलेजचं नाव काढलं होतं. "पोरीच्या जातीले काय करायचं?" एवढं बोलून बापानं विषय मिटवला आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लावून तिला भिलाईला धाडलं. त्यानंतर कुठल्या कॉलेजात किती विभाग आहेत, हे तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

वसतिगृह देण्याआधी विद्यापीठातल्या मॅडम पालकांशी व्हिडिओवर बोलणार होत्या. ऐश्वर्यानं पुढच्या गुरुवारी दुपारची वेळ घेतली.

"चालेल ना, आई? बाबा घरी असतील ना?"

दर आठवड्याला पाळी बदलली की कारखान्याच्या क्वार्टरमधलं सारं घड्याळच बदलतं. डबा कधी भरायचा, कोण कधी झोपणार, हे शीलाला झोपेतही सांगता आलं असतं. ऐश्वर्याला कधी डबा भरावा लागला नव्हता. तिनं याच आठवड्याची पाळी पुढेही धरली. पुढच्या गुरुवारी सुशीलराव दुपारीच कारखान्यात जाणार होते. शीला भेंडी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ठेव."

गुरुवारी डबा लटकवून बाबांची स्कूटर फाटकाबाहेर पडली तेव्हा पोरीला उमगलं.

"आई! आज तो लास्ट डेट है! बाबांना फोन लाव ना!"

"त्या आवाजात त्याईले फोन आयकू येते का?"

शीलाला बरं वाटलं. वाटलं तर वाटलं! पण ऐश्वर्यानं डोळे पुसले आणि फोन तिच्यासमोर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. "मग तूच बोल."

हे मात्र शीलानं धरलं नव्हतं. तिनं घाईनं पदर सारखा केला. आता तर एका शब्दाचंच काम होतं.

"नमस्कार," पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या. "आधी तुमच्याबद्दल सांगा."

"माह्याबद्दल?" शीला गडबडली. नवऱ्याचा हुद्दा सांगायची तिला सवय होती. "मी बारावी हाय जी. फर्स्ट क्लास." तिची मान आपोआप वर झाली.

"अरे वा! मग मुलीला इतक्या लांब पाठवायची तयारी आहे ना?"

'नाही' अगदी ओठांवर आलं. बापाचाच नकार, बापाच्याच सुरात. समोर भिंतीला टेकून ऐश्वर्या ओढणीचं टोक चावत उभी होती. शीलाला तिचा राग आला, हेवा वाटला, आणि त्या चावलेल्या टोकाची कीवही आली.

"पाठवतो," ती म्हणाली. "पन सोडाले तिचे बाबा नाही, मी येईन. आन् एक दिवस मले वर्गात बसू द्या. मांगच्या बाकावर चालन."

मॅडम हसल्या. "अवश्य, अवश्य!"

"हसू नका जी," शीला म्हणाली. "मी खरंच विचारून राहिली."

मॅडमचं हसू थांबलं. शीला पडद्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत ताठ बसून राहिली.